जांग जुन-हा: कोऱ्या अग्रलेखापासून तुरुंगातून जिंकलेल्या निवडणुकीपर्यंत

सोलमधून निघणाऱ्या 'सासांग्ये' या मासिकाचा फेब्रुवारी 1959 चा अंक उघडला की सुरुवातीलाच संपादकीयाचं शीर्षक दिसतं: 'काय बोलावं?' त्याखाली एक ओळ, लोकांचे हक्क तुडवणारी अरेरावी पाहून. त्याखाली काहीच नाही, पान कोरं आहे. छपाईची चूक म्हणून नव्हे, संपादकानं ठरवून ते कोरं सोडलं होतं.

कारण दीड महिन्यापूर्वीचं होतं. 24 डिसेंबर 1958 ला अध्यक्ष सिंगमन री यांच्या पक्षानं राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातला बदल संसदेत रेटला. विरोधी खासदार सभागृहात ठिय्या देऊन बसले होते. त्यांना उचलायला सुमारे 300 सुरक्षारक्षक आत घुसवले, खासदारांना ओढत बाहेर काढून तळघरात कोंडलं आणि रिकाम्या झालेल्या बाकांसमोर कायदा मंजूर करून घेतला. नव्या तरतुदींमुळे वर्तमानपत्रातला मजकूर 'खोटा' किंवा 'शत्रूच्या फायद्याचा' ठरवून लिहिणाऱ्याला आत टाकणं सोपं झालं. अशा कायद्याखाली जहाल अग्रलेख लिहिला तर अंक जप्त, मवाळ लिहिला तर वाचकाशी प्रतारणा. कोऱ्या पानावर मात्र खटला भरायचा कसा, हा प्रश्न सरकारपुढे उरतो. आपल्याकडे जून 1975 मध्ये आणीबाणी लागल्यावर काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, त्याच्या सोळा वर्षं आधीची ही गोष्ट.

या मासिकाचे संस्थापक-संपादक म्हणजे जांग जुन-हा. कोरियात आडनाव आधी येतं, म्हणजे जांग हे आडनाव. बातमीदार म्हणून ते कधी कुठल्या वर्तमानपत्रात नोकरीला नव्हते. मासिक काढणं, लेखक जमवणं, छापणं आणि विकणं ही त्यांची पत्रकारिता. त्यातून ते खासदार झाले, मग कैदी झाले आणि 1975 मध्ये एका कड्याखाली त्यांचा मृतदेह सापडला. त्यांचं आयुष्य नीट समजून घेतलं तर दक्षिण कोरियातली हुकूमशाही रोजच्या व्यवहारात कशी चालायची हे कळतं. तिथे रणगाडे रस्त्यावर क्वचित येत. बाकीचं काम कायद्याची कलमं, करखात्याच्या तपासण्या, छापखान्याची नोंदणी आणि पुस्तकांच्या दुकानातून परत येणारे गठ्ठे यांच्यावर व्हायचं.

दगडाची उशी

जन्म 27 ऑगस्ट 1918, आजच्या उत्तर कोरियात, चीनच्या सीमेलगतच्या उइजू इथला. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री. कोरिया 1910 पासून जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे त्यांची पिढी जन्मली तीच परक्या राज्यात. काही वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून ते जपानला गेले आणि तिथे धर्मशास्त्र शिकत असतानाच 1944 च्या जानेवारीत त्यांना जपानी सैन्यात जावं लागलं. कोरियन विद्यार्थ्यांच्या या भरतीला कागदोपत्री 'स्वेच्छा' म्हणत. प्रत्यक्षात नाही म्हणणाऱ्याच्या घरच्यांवर दबाव येई.

निघण्यापूर्वी काही दिवस आधी त्यांनी किम हुई-सुक यांच्याशी लग्न केलं आणि बायकोबरोबर एक खूण ठरवली. पत्रात 'दगडाची उशी' हे शब्द आले तर समजायचं की आपण सैन्यातून पळालो. शब्द बायबलमधले आहेत. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात घर सोडून निघालेला याकोब रात्री दगडावर डोकं ठेवून झोपतो. पत्रं तपासणाऱ्या जपानी अधिकाऱ्याला पाद्र्याच्या मुलानं बायबल आठवलं यात वावगं दिसणार नव्हतं.

त्यांची तुकडी चीनमधल्या शुझौला होती. 7 जुलै हा जपान-चीन युद्ध सुरू झाल्याचा दिवस, म्हणून छावणीत दारू वाटली गेली. 1944 च्या त्या रात्री पहारा सैल पडताच जांग आणखी तिघांबरोबर कुंपणाबाहेर पडले. पुढे चिनी गनिमांच्या तळावर त्यांना आधीच पळून आलेले किम जुन-योप भेटले, जे नंतर कोरिया विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. कोरियाचं निर्वासित सरकार होतं चीनमधल्याच चुंगकिंगला. तिथवरची वाट कोरियन लोक 'सहा हजार री' अशी सांगतात. कोरियन 'री' म्हणजे साधारण 400 मीटर, म्हणजे सुमारे 2,400 किलोमीटर, बहुतेक पायी, शेवटच्या टप्प्यात बर्फाचे डोंगर ओलांडून. 31 जानेवारी 1945 ला ते पोचले.

वाटेत लिनच्वानला कोरियन मुक्तिसेनेच्या प्रशिक्षण केंद्रात काही महिने मुक्काम पडला, तेव्हा या तरुणांनी हातानं लिहून एक नियतकालिक काढलं. नाव 'दुंगबुल', म्हणजे दिवा. छापखाना नाही म्हणून प्रती हातानंच उतरवायच्या आणि एकानं वाचून दुसऱ्याकडे द्यायच्या. जांग यांचं संपादन इथून सुरू झालं. हा तपशील मला त्यांच्या पुढच्या सगळ्या पदांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण जीव वाचवून पळालेल्या माणसानं हातात आलेल्या पहिल्या मोकळ्या वेळात कागद मागितला.

चुंगकिंगला पोचल्यावर मात्र मोठा धक्का बसला. मूठभर निर्वासित आणि त्यांच्यात गटबाजीनं पोखरलेले पक्ष. नव्या मुलांना जेवायला बोलावून आपापल्या गटात ओढायचे प्रयत्न सुरू झाले. तेव्हा सव्वीस वर्षांच्या जांग यांनी भर सभेत सांगितलं की परत जपानी सैन्यात जाता आलं तर विमानदलात नाव घालीन आणि या सरकारच्या इमारतींवरच बॉम्ब टाकीन. आपल्या बाजूच्या लोकांनाही तोंडावर सुनवायची ही सवय त्यांना आयुष्यभर महागात पडली.

त्यानंतर शिआनला अमेरिकी गुप्तचर संघटना ओएसएसकडून त्यांना प्रशिक्षण मिळालं. कोरियात उतरून आतून कारवाया करायच्या असा बेत होता. ते उतरण्याआधीच जपान शरण आला. 18 ऑगस्ट 1945 ला छोटी तुकडी विमानानं सोलच्या योइदो धावपट्टीवर पोचली खरी, पण तिथल्या जपानी सैन्यानं त्यांना घेरलं आणि परत जायला लावलं. अखेर नोव्हेंबरात ते निर्वासित सरकारचे प्रमुख किम गू यांचे सचिव म्हणून मायदेशी आले.

पुढच्या संघर्षासाठी एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवायला हवी. 1944 च्या जुलैत जांग जपानी छावणीतून पळत होते, त्याच वर्षी पार्क चुंग-ही जपानी लष्करी अकादमीतून बाहेर पडून जपानच्या अंकित मांचुकुओच्या सैन्यात अधिकारी झाले. तेच पार्क पुढे 1961 ते 1979 देशाचे सर्वेसर्वा होते. एकाच पिढीचे दोन तरुण, एकाच युद्धात दोन बाजूंना. जांग हे कधी विसरले नाहीत आणि जाहीर सभांमधून लोकांनाही विसरू देत नसत.

तीन हजार प्रती

'सासांग्ये' म्हणजे विचारांचं जग. पहिला अंक एप्रिल 1953 चा. कोरियन युद्ध अजून थांबलेलं नव्हतं, राजधानी तात्पुरती बुसानला हललेली होती आणि शहर निर्वासितांनी भरलेलं होतं. त्याआधी एका सरकारी संस्थेच्या आधारानं 'सासांग' नावाचं मासिक काढून झालं होतं, ते चार अंकांत बंद पडलं. या वेळी आधार कुणाचा नव्हता. लेख मागायला, मुद्रितं पोचवायला आणि घरखर्चातून पैसे काढायला पत्नी किम हुई-सुक होत्या. पहिल्या अंकाच्या 3,000 प्रती निघाल्या आणि संपल्या.

अशा काळात जाडजूड वैचारिक मासिक कुणी का घेईल, हा प्रश्न साहजिक आहे. जपानी राजवटीच्या अखेरीस शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झालेली होती. 1945 नंतर एक पूर्ण पिढी आपल्या भाषेत लोकशाही, राज्यघटना, अर्थव्यवस्था असल्या विषयांवर वाचायला आसुसलेली होती, आणि तसं वाचायला फारसं मिळत नव्हतं. जांग यांनी प्राध्यापकांचं संपादक मंडळ बांधलं, भाषांतरं घेतली, कथा-कवितांना जागा दिली. नवीन कथाकारांसाठी तोंगइन पुरस्कार सुरू केला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खप 70,000 च्या घरात गेला. कॉलेजच्या मुलांच्या काखेत हा अंक दिसणं ही त्या काळच्या सोलमधली नेहमीची खूण झाली.

ऑगस्ट 1958 मध्ये विचारवंत हाम सॉक-हॉन यांचा लेख आला. त्यातला एक युक्तिवाद साधा होता. उत्तरेला आपण रशिया-चीनचं बाहुलं म्हणतो, उत्तर आपल्याला अमेरिकेचं बाहुलं म्हणते. दोन्ही खरं धरलं तर उरतात नुसती बाहुली, देश कुठे आहे? या लेखापायी हाम वीस दिवस कोठडीत होते. मार्च 1960 च्या निवडणुकीत उघड घोटाळा झाला, 19 एप्रिलला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि 26 तारखेला री पायउतार झाले. रस्त्यावर उतरलेल्या मुलांपैकी अनेकांनी लोकशाही हा शब्द या मासिकातून नीट वाचलेला होता.

16 मे 1961 ला पार्क यांनी लष्करी उठाव केला. जूनच्या अंकातल्या संपादकीयानं हा उठाव अपरिहार्य होता असं मान्य केलं होतं. जांग यांच्या चाहत्यांना हे पान आवडत नाही, पण ते आहे. भ्रष्टाचार आणि गोंधळाला कंटाळलेल्या अनेक सुशिक्षितांना तेव्हा तसंच वाटत होतं. पुढच्याच महिन्यात हाम यांचा उठावावर झोड उठवणारा लेख त्यांनी छापला आणि लष्करी सरकारशी वैर सुरू झालं.

1962 मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले कोरियन. पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, 1958 मध्ये, तो विनोबा भावे यांना मिळाला होता आणि 1962 च्या मानकऱ्यांत जांग यांच्याबरोबर मदर तेरेसाही होत्या.

मासिक बंद न करता कसं बंद पाडतात

जगभरात नाव झालेल्या संपादकाच्या मासिकावर थेट बंदी घालणं सरकारला परवडत नाही. त्यामुळे जे झालं ते वेगळ्या वाटेनं. 1965 च्या जूनमध्ये जपानशी संबंध पूर्ववत करण्याचा करार झाला. 35 वर्षांच्या गुलामगिरीचा हिशेब असा स्वस्तात मिटवू नका म्हणून 'सासांग्ये'नं खास अंक काढून विरोध केला. तिथून फास आवळत गेला.

तो समजायला मासिकाच्या धंद्याचं गणित माहीत हवं. दुकानदार किती प्रती मागतात त्यावर छपाईचा आकडा ठरतो. कागद उधारीवर येतो, छपाई आणि बांधणीचं बिल लगेच उभं राहतं, आणि विक्रीचे पैसे मात्र महिना-दोन महिन्यांनी सुटतात. न विकलेल्या प्रती दुकानदार परत करू शकतो, त्याचा तोटा प्रकाशकाचा. महिन्याचं मासिक परत आलं की ते रद्दीच. दर महिन्याला पाच-दहा टक्के परती येणं कुणीही सोसतो. आता कुणी ठरवून मागणी वाढवायला लावली आणि नंतर दुकानदारांना दम देऊन सगळं परत पाठवायला लावलं, तर? 'सासांग्ये'चे गठ्ठे दोरीसुद्धा न सोडता परत येऊ लागले. वाचक दुकानात जाऊन विचारायचा आणि अंक नाही असं ऐकून परतायचा, त्याच वेळी कार्यालयात परतीचा ढीग चढत होता. खप घटलेला नसताना मासिक तोट्यात गेलं.

त्यावर करखात्याची तपासणी. हिशेबात एखादी चूक सापडो न सापडो, वह्या महिनोन् महिने ताब्यात राहतात, कारकून चौकशीला जात राहतात, उधारी देणारा कागदवाला बिचकतो. जाहिरातदार आपोआप गळतात. लेखक प्राध्यापक असतील तर विद्यापीठात त्यांना कुणीतरी समजावून सांगतं. यातल्या एकाही पायरीवर 'अमुक लेख छापला म्हणून' असं लेखी कुठे नसतं, म्हणून न्यायालयात जाऊन दाद मागायलाही काही हातात नसतं.

शेवटचा घाव मात्र नोंदणीच्या नियमाचा. 1968 मध्ये कर्जात बुडालेल्या जांग यांनी मासिकाचे हक्क सोडले. नव्या प्रकाशकानं मे 1970 मध्ये तरुण कवी किम जी-हा यांची 'पाच दरोडेखोर' ही कविता छापली. त्यात उद्योगपती, खासदार, बडे अधिकारी, सेनापती आणि मंत्री अशा पाच जातींच्या लुटारूंचं वर्णन होतं. कवी आणि प्रकाशक गजाआड गेले. सप्टेंबरात मासिकाची नोंदणी रद्द झाली, आणि त्याला कारण कवितेचं दिलं नाही. नोंदणीत लिहिलेला छापखाना आणि अंक प्रत्यक्ष छापणारा छापखाना वेगळा आहे, हे कारण दिलं. नोंदवलेल्या छापखान्यानं भीतीपोटी काम नाकारलं की मासिक दुसरीकडे जाणारच, आणि दुसरीकडे गेलं की नियम मोडला. 205 व्या अंकावर 'सासांग्ये' थांबलं.

तुरुंगात असलेला उमेदवार

जांग राजकारणात आले ते मासिक हातातून निसटत चाललेलं असताना. 1966 च्या सप्टेंबरात सॅमसंग समूहाच्या खतकारखान्यानं बांधकामाच्या सामानाआड सॅकरीन या कृत्रिम गोडव्याचा सुमारे 55 टन कच्चा माल चोरून आणल्याची बातमी फुटली. ऑक्टोबरात देगू शहरातल्या विरोधी पक्षाच्या सभेत जांग म्हणाले की या देशातल्या तस्करीचा म्होरक्या पार्क चुंग-हीच आहेत. अध्यक्षांची बदनामी केली म्हणून अटक झाली. सुटल्यावर 1967 च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी विरोधी उमेदवार युन बो-सॉन यांचा प्रचार केला आणि पार्क यांची जपानी लष्करातली नोकरी आणि व्हिएतनाम युद्धात पाठवलेले कोरियन तरुण, या दोन्हींवर बोट ठेवलं. निवडणूक कायद्याखाली पुन्हा अटक.

पुढच्याच महिन्यात, 8 जून 1967 ला संसदेची निवडणूक होती. खटला चालू असणं म्हणजे शिक्षा झालेली नव्हे, त्यामुळे उमेदवारी वैध होती. सोलच्या तोंगदेमुन भागातून नव्या लोकशाही पक्षाचे उमेदवार जांग तुरुंगातच होते आणि त्यांच्या वतीनं प्रचार घरच्यांनी आणि कार्यकर्त्यांनी केला. ते निवडून आले.

1967 ते 1971 अशी चारच वर्षं ते खासदार होते. संरक्षण समितीवर त्यांनी काम केलं. त्यानंतर ते संसदेत परतले नाहीत आणि खरं सांगायचं तर पक्षाच्या राजकारणात त्यांचा जीव रमलाही नाही. याच सुमारास त्यांनी सैन्यातून पळाल्याची आणि चुंगकिंगच्या वाटचालीची आठवण लिहून काढली. पुस्तकाचं नाव तेच, 'दगडाची उशी'.

1972 च्या जुलैत उत्तर आणि दक्षिणेनं संयुक्त निवेदन काढलं तेव्हा आयुष्यभर साम्यवादाच्या विरोधात लिहिलेल्या या माणसानं त्याचं स्वागत केलं. सगळ्याच प्रकारचं एकीकरण चांगलं का, असा प्रश्न स्वतःच विचारून त्यांनी लिहिलं: होय. घर उत्तरेत राहिलेल्या माणसाचा हा होकार होता. जुने सहकारी यावरून बुचकळ्यात पडले.

घटना बदला म्हणणं हाच गुन्हा

त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला पार्क यांनी मार्शल लॉ पुकारला, संसद बरखास्त केली आणि नवी घटना आणली. तिला 'युशिन' म्हणतात, अर्थ नवनिर्माण. ती कशी बांधली होती हे पाहण्यासारखं आहे.

अध्यक्षाची थेट निवडणूक गेली. त्याऐवजी 'राष्ट्रीय एकीकरण परिषद' नावाची सभा अध्यक्ष निवडणार, तीही चर्चेविना. डिसेंबर 1972 मध्ये या सभेच्या 2,359 सदस्यांपैकी 2,357 मतं पार्क यांना मिळाली आणि 2 बाद झाली. उमेदवार एकटेच. मुदत सहा वर्षांची, कितीही वेळा. संसदेतल्या 219 पैकी 73 जागांची यादी अध्यक्ष देणार, म्हणजे एक तृतीयांश संसद आधीच खिशात. घटना बदलायची तर दोन वाटा ठेवल्या होत्या. एक, अध्यक्षानं प्रस्ताव आणून सार्वमत घ्यायचं. दोन, संसदेनं दोन तृतीयांश मतांनी ठराव करून तो परत त्याच परिषदेकडे न्यायचा, जिचे प्रमुख स्वतः अध्यक्ष. एक तृतीयांश जागा अध्यक्षाच्या हातात असताना दुसऱ्या वाटेच्या तोंडाशीच कुलूप होतं.

मग सामान्य माणसाच्या हातात काय राहिलं? अर्ज. घटना बदला अशी अध्यक्षांना विनंती. 24 डिसेंबर 1973 ला सोलच्या वायएमसीएमध्ये जांग आणि त्यांच्यासह तीसेक जणांनी दहा लाख सह्यांची मोहीम जाहीर केली. मागणी एवढीच की लोकशाही घटना परत आणा. ना मोर्चा, ना दगड, नुसते सह्यांचे कागद. दहाएक दिवसांत सह्या तीन लाखांवर गेल्याचं मोहिमेकडून सांगितलं गेलं.

सरकारचं उत्तर 8 जानेवारी 1974 ला आलं. घटनेच्या 53 व्या कलमानं अध्यक्षाला 'आणीबाणीचे उपाय' जाहीर करायचा अधिकार होता, आणि त्यावर न्यायालयात प्रश्न विचारता येणार नाही असंही त्याच कलमात लिहिलेलं होतं. उपाय क्रमांक 1 संध्याकाळी पाच वाजल्यापासून लागू झाला. घटनेला नाकारणं, विरोध करणं, तिची बदनामी करणं गुन्हा. ती बदलावी असं म्हणणं, सुचवणं किंवा तसा अर्ज करणं गुन्हा. असं कुणी केलं ही बातमी छापणं किंवा दुसऱ्याला सांगणंही गुन्हा. आणि या उपायावरच टीका केली तर तोही गुन्हा. वॉरंटशिवाय अटक आणि झडती, खटला खास लष्करी न्यायालयात, शिक्षा 15 वर्षांपर्यंत.

हे कलम ज्या एका कृतीसाठी लिहिलं होतं ती कृती सह्या गोळा करण्याची होती, हे वाचताक्षणी कळतं. पाच दिवसांनी जांग आणि त्यांचे सहकारी बेक गी-वान यांना उचललं. या हुकमाखालचे ते पहिले आरोपी. तीन आठवड्यांच्या आत खटला संपून जांग यांना कमाल शिक्षा झाली, 15 वर्षं. ऑगस्टमध्ये पार्क यांनी उपाय क्रमांक 1 मागे घेतला, पण मागे घेणाऱ्या हुकमातच लिहिलं होतं की आधी झालेल्या शिक्षांना हे लागू नाही. हुकूम गेला, कैदी आत राहिला. हृदय आणि यकृताचा आजार बळावल्यावर डिसेंबर 1974 मध्ये त्यांना प्रकृतीच्या कारणावरून बाहेर सोडलं. शिक्षा डोक्यावर लटकतीच होती. महिन्याभरातच त्यांनी पार्क यांना खुलं पत्र लिहिलं.

याकसाबोंगचा कडा

13 मे 1975 ला उपाय क्रमांक 9 आला, आधीच्या सगळ्यांपेक्षा कडक. 17 ऑगस्टला रविवारी जांग काही मंडळींबरोबर सोलच्या उत्तरेला पोचॉन भागातल्या याकसाबोंग शिखराकडे गेले. दुपारी ते मेल्याची बातमी आली. उतरताना हात निसटून सुमारे 14 मीटर उंचीच्या कड्यावरून पडले, असं सरकारनं सांगितलं. साक्षीदार एकच, त्या क्षणी बरोबर असलेला माणूस. दहा दिवसांनी ते 57 वर्षांचे झाले असते.

शंका पहिल्या दिवसापासून होत्या. खडकाळ कड्यावरून एवढ्या उंचीवरून पडलेल्या शरीरावर खरचटल्याच्या खुणा फार कमी होत्या. चष्मा आणि थर्मास शाबूत होते. डॉक्टरांनी वरवर तपासताना उजव्या कानामागे कवटी दबल्याचं टिपून ठेवलं, पण शवविच्छेदन झालं नाही. शंका छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या पत्रकारालाच उपाय क्रमांक 9 खाली अटक झाली, तेव्हा बाकीच्यांना काय करायचं ते कळलं. लोकशाही आल्यानंतर संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगानं हे प्रकरण दोनदा हाताळलं आणि 2004 मध्ये 'ठरवता येत नाही' असा शेरा मारला.

पुढचा दुवा पावसानं उघड केला. 2011 मध्ये पाजू इथल्या त्यांच्या कबरीमागची भिंत ढासळली. कबर हलवायची ठरली आणि 1 ऑगस्ट 2012 ला अवशेष बाहेर काढले. उजव्या कानामागे कवटीला सुमारे 6 सेंटिमीटर व्यासाचा, गोलाकार, आत दबलेला खड्डा होता. त्या डिसेंबरात अध्यक्षीय निवडणूक होती आणि पार्क चुंग-ही यांच्या कन्या पार्क ग्यून-हे उमेदवार होत्या, त्यामुळे देशभर खळबळ उडाली. निवडणूक त्या जिंकल्या.

मार्च 2013 मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञ ली जंग-बिन यांनी तपासणीचा निष्कर्ष मांडला: डोक्यावर आधी बाहेरून प्रहार झाला आणि पडणं त्यानंतर. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की कवटीची जखम आणि कमरेच्या हाडाचा उजवीकडचा भंग एकाच आपटण्यातून होणं पटत नाही, आणि डोक्यावर असं पडलं असतं तर खांद्याला इजा दिसायला हवी होती, ती नाही. याच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. 37 वर्षांनी हाडं तेवढी उरतात. रक्तस्राव, सूज, त्वचेवरचे वळ यांतून जखम जिवंतपणीची की नंतरची हे ठरतं, ते सगळं गेलेलं असतं. 1975 मध्ये एका दिवसात झालं असतं असं शवविच्छेदन न होऊ देण्याची किंमत ही अशी. आणि हाड फार तर फटका बसला एवढं सांगेल, कुणी मारला ते सांगणार नाही.

15 वर्षांच्या शिक्षेचा निकाल मात्र लागला. घरच्यांनी फेरखटल्यासाठी अर्ज केला होता. अडचण ती जुनीच, आणीबाणीच्या उपायांवर न्यायालयानं बोलायचं नाही हे कलम. डिसेंबर 2010 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती गाठ सोडवली. तपासणी आजच्या घटनेनुसार करायची, आणि हे उपाय संसदेनं केलेले कायदे नव्हेत, त्यामुळे ते तपासायला आम्ही मोकळे आहोत असं म्हणत उपाय क्रमांक 1 घटनाबाह्य ठरवला. त्या आधारावर 24 जानेवारी 2013 ला सोलच्या जिल्हा न्यायालयानं जांग यांना निर्दोष ठरवलं, शिक्षेला 39 वर्षं होत आली असताना. दोन महिन्यांनी घटनात्मक न्यायालयानंही उपाय 1, 2 आणि 9 घटनेच्या विरुद्ध असल्याचा निर्वाळा दिला.

2020 मध्ये न्यायालयानं सरकारला त्यांच्या कुटुंबाला सुमारे 78 कोटी वॉन भरपाई द्यायला सांगितलं. ही भरपाई 1974 च्या अटकेची, खटल्याची आणि कैदेची आहे. 17 ऑगस्ट 1975 च्या दुपारची त्यात नाही.